‘तुमचा फोन सापडला आहे’ असा संदेश आला आहे. फोन खात्यातून काढून टाकावा का?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. सतरा दिवसांपूर्वी प्रवासात, गाडीतून उतरतानाच्या गर्दीत, माझ्या पर्समधला आयफोन चोरीला गेला. घरी पोचल्याबरोबर मी टॅब्लेटवर ‘फाइंड माय’ ही हरवलेली उपकरणे शोधण्याची ॲपलची सेवा उघडून तो ‘लॉस्ट मोड’मध्ये, म्हणजे हरवल्याच्या स्थितीत टाकला आणि पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरात ‘हा फोन हरवला आहे, सापडल्यास कृपया या क्रमांकावर कळवावे’ असे लिहून आईचा मोबाइल क्रमांक दिला. पोलिसांत तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी दुपारी जुने सिमकार्ड बंद करून त्याच क्रमांकाचे नवे घेतले. नकाशावर फोनचे शेवटचे ठिकाण चोरीच्या दिवशीचेच दिसत होते आणि त्यानंतर तो बंदच आहे, त्यामुळे त्याची आशा मी जवळजवळ सोडली होती.

परवा रात्री आईच्या फोनवर एसएमएस आला. पाठवणाऱ्याच्या जागी क्रमांक नव्हता, ‘ॲपल’ एवढेच नाव होते. फोनचे मॉडेल, रंग आणि साठवणक्षमता तिन्ही अचूक लिहिली होती. फोन रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी चालू झाला असून त्याचे ठिकाण पाहण्यासाठी लिंक उघडावी आणि ही लिंक २४ तासांनी बंद होईल, असे त्यात म्हटले होते. आईने आनंदाने मला हाक मारली. मी लॅपटॉपवर लिंक उघडली. पुढे नेहमीचे पांढरे पान, मागे धूसर नकाशा आणि त्यावर एक हिरवा ठिपका. मी माझ्या ॲपल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड टाकला. पानाने लगेच सहा अंकी कोड मागितला आणि त्याच क्षणी शेजारी ठेवलेल्या टॅब्लेटवर चौकट उघडली, की तुमच्या खात्यात कोणीतरी प्रवेश करत आहे. त्या चौकटीतल्या छोट्या नकाशावर ज्या शहराचे नाव होते तिथे मी आयुष्यात गेलेली नाही. मी ‘परवानगी नाही’ असे दाबले आणि लॅपटॉप मिटला.

काल दुसरा संदेश आला, या वेळी थेट माझ्या क्रमांकावर. हा फोन आम्ही पैसे देऊन विकत घेतला आहे, तुमची माहिती अजून त्यात आहे, तो तुमच्या खात्यातून काढून टाकलात तर ती आपोआप पुसली जाईल, नाहीतर तुमचे फोटो आणि बँकेचे तपशील लिलावात विकले जातील, असा त्याचा सूर आहे.

पासवर्ड दिला पण कोड दिला नाही, तर नुकसान किती झाले आहे? फोन खात्यातून काढून टाकल्याने माहिती खरोखर पुसली जाते का? आणि मी कोणालाही न सांगितलेली फोनची इतकी माहिती त्यांच्याकडे कशी? आईला वाटते आहे की तिच्यामुळे हे झाले. ती कालपासून नीट जेवलेली नाही, म्हणून उत्तरे जरा सविस्तर मिळाली तर मला तिला वाचून दाखवता येतील.

दीपमाळ

पुढचे वाचण्याआधी पासवर्ड बदला. टॅब्लेटच्या सेटिंग्जमध्ये सर्वांत वर तुमचे नाव दिसते, त्यात ‘साइन-इन अँड सिक्युरिटी’ आहे, तिथून बदलता येईल. तिथेच खात्याला जोडलेले विश्वासू क्रमांक, म्हणजे प्रवेशाचे कोड ज्यांवर येतात ते, आणि नावाच्या पानावर खाली उपकरणांची यादी पाहा. तुमच्या ओळखीचा नसलेला क्रमांक किंवा उपकरण दिसले तर ते काढा. जुना पासवर्ड ईमेलसाठी किंवा आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला. मग ‘फाइंड माय’ उघडून चोरीचा फोन यादीत अजून आहे ना याची खात्री करा.

कोड दिला नाहीत हे फार चांगले झाले, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. उपकरण शोधण्यासाठीचे आयक्लाउडचे, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन सेवेचे, खरे पान केवळ पासवर्डवर उघडते, तिथे दुसरा कोड लागत नाही. ज्याचा एकुलता एक फोनच हरवला आहे त्याला कोड मिळणार कुठून, असा त्यामागचा विचार आहे. त्यामुळे नुसता पासवर्डही चोराच्या उपयोगाचा असतो. याच गोष्टीतून एक खूणही मिळते. फोनचे ठिकाण दाखवतो असे म्हणत जे पान कोड मागते, त्याला ठिकाण दाखवायचेच नसते. त्याला तुमचे संपूर्ण खाते हवे असते. तुम्ही पानावर पासवर्ड लिहिलात तेव्हा तो पलीकडून जवळजवळ त्याच क्षणी खऱ्या ॲपलच्या पानावर टाकला गेला, म्हणून तुमच्या टॅब्लेटवर चौकट उघडली. ती चौकट खरी होती आणि तिच्यातले शहर ज्या ठिकाणाहून हा प्रवेशाचा प्रयत्न झाला त्या ठिकाणाचे होते.

आता मुख्य प्रश्न. फोन खात्यातून काढू नका, कोणत्याही कारणासाठी आणि कोणीही सांगितले तरी.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे संदेश आपोआप ओळखू येतील. ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ या आयफोनच्या कार्यप्रणालीबरोबर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणले. ‘फाइंड माय’ चालू असलेला फोन कोणी पुसून कोरा केला, तरी पुन्हा सुरू करताना तो मूळ मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो मिळेपर्यंत उघडत नाही. या कुलपाची नोंद फोनमध्ये नसते, ती ॲपलच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे फोन कितीही वेळा पुसला तरी कुलूप जागचे हलत नाही. अशा फोनला चोरबाजारात सुट्या भागांची किंमत येते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून बॅटरी, कॅमेरा, पडदा अशा भागांनाही हे कुलूप लागू झाल्याने तो मार्गही अरुंद झाला आहे. उघडलेला फोन मात्र पूर्ण फोन म्हणून विकता येतो. या दोन किमतींमध्ये जे अंतर आहे, तेवढ्यासाठी तुम्हाला आणि आईला हे संदेश येत आहेत. कुलूप तोडता येत नाही, म्हणून किल्लीवाल्याला गाठायचे, एवढाच हा धंदा आहे. त्यामुळे असा संदेश येणे ही एका अर्थी फोन अजून कुलूपबंद असल्याची खबर आहे.

‘काढून टाकलात तर माहिती पुसली जाईल’ हे खोटे आहे. ‘इरेज’ आणि ‘रिमूव्ह’ या दोन वेगळ्या कृती आहेत आणि हा संदेश जाणूनबुजून त्यांची सरमिसळ करतो. ‘इरेज’ केले की फोन इंटरनेटला जोडला जाताच त्यातली माहिती पुसली जाते आणि कुलूप मात्र कायम राहते. ‘रिमूव्ह’ केले की कुलूप उठते. तुम्हाला फोटोंची काळजी वाटत असेल तर ‘इरेज’चा आदेश देऊन ठेवा, फोन पुढे केव्हाही इंटरनेटला जोडला गेला की तो अमलात येईल. आयओएस १५ पासून बऱ्याच मॉडेलांत पुसल्यानंतरही फोनचे ठिकाण दिसू शकते, त्यामुळे पुसले म्हणजे माग संपला असेही नाही. विमा असेल तर त्याच्या अटी आधी वाचा; दावा मंजूर होईपर्यंत उपकरण खात्यात ठेवावे लागते अशी अट असू शकते.

लिलावाच्या धमकीबद्दल. फोनमधली माहिती कूटबद्ध असते आणि ती उघडण्याची किल्ली तुमच्या पासकोडशी, म्हणजे फोनचा पडदा उघडण्याच्या आकड्यांशी, बांधलेली असते. तुमचा पासकोड कोणी पाहिला नसेल आणि तो १२३४५६ सारखा नसेल, तर ज्याच्या हातात तो फोन आहे त्याला फोटो दिसत नाहीत. दिसत असते तर धमकीऐवजी त्यातला एखादा फोटोच त्याने तुम्हाला पाठवला असता.

पाऊलवाट

दीपमाळ यांनी कारणे सांगितली आहेत. ती न कळल्यामुळे काय होते ते मी सांगतो, कारण माझ्या धाकट्या भावाच्या फोनच्या बाबतीत ही चूक माझ्याच हातून झाली.

फोन गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात माझ्या क्रमांकावर संदेश आला. तोही अगदी नीट लिहिलेला होता, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. लिंक मात्र निळी दिसत नव्हती आणि दाबली तरी उघडत नव्हती. खाली सूचना होती की उत्तरादाखल ‘वाय’ पाठवा, संदेश बंद करून पुन्हा उघडा, मग लिंक चालू होईल. मी तसे केले आणि ती चालू झाली. अनोळखी माणसाकडून आलेल्या संदेशातली लिंक आयफोन स्वतःहून बंद ठेवतो आणि आपण त्याला उत्तर दिले की तो माणूस ओळखीचा समजून ती खुली करतो, हे मला नंतर कळले. म्हणजे फोनने घातलेला अडसर मी माझ्या हाताने काढला होता.

पानावर चार पायऱ्या होत्या. ईमेल, पासवर्ड, कोड, आणि चौथ्या पायरीवर ‘हे उपकरण तुमचेच असल्याची खात्री करण्यासाठी त्याचा पासकोड लिहा’ असे शब्द होते, खाली सहा रिकामी वर्तुळे आणि फोनच्या पडद्यावर असतो तसाच आकड्यांचा पट. भावाला विचारून मी ते सहा आकडेही भरले. वर्तुळे एकेक करून काळी होत गेली, पान क्षणभर फिरत राहिले आणि ‘ठिकाण सध्या उपलब्ध नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असा मजकूर आला. आम्ही दोघे थोडा वेळ वाट पाहत बसलो. मग भावाने त्याच्या संगणकावर खरे ‘फाइंड माय’ उघडले तेव्हा यादीत त्याचा फोन नव्हता.

फोन त्या दिवशी दुसऱ्यांदा चोरीला गेला आणि या वेळी तो मी दिला. त्याहून वाईट म्हणजे चोराकडे फोनही होता आणि पासकोडही, त्यामुळे त्यात साठवलेले पासवर्ड, ईमेल आणि बँकेची ॲप यांचे दार उघडले होते. ती रात्र आम्ही बँकांना फोन करण्यात आणि एकेक खाते बंद करण्यात घालवली. पैसे गेले नाहीत, पण ते आमच्या हुशारीमुळे नव्हे; बँकेच्या माणसाने तक्रार ऐकताक्षणी व्यवहार थांबवले म्हणून.

उंबरठा, तुमच्या आईला माझ्याकडून एवढे जरूर सांगा की मी संगणकावर काम करूनच पोट भरतो आणि तरीही मी चारही पायऱ्या चढलो. हरवलेली वस्तू परत मिळणार या आशेने माणूस घाई करतो आणि संदेश लिहिणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. तुम्ही दुसऱ्या पायरीवर थांबलात.

जुनीवही

दीपमाळ यांच्या सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक वेगळी शक्यता मांडतो. दुसऱ्या संदेशातला माणूस खरोखर फसलेला ग्राहकही असू शकतो. वापरलेला फोन स्वस्तात मिळाला म्हणून कोणी घेतला असेल, तो उघडेना म्हणून तो मूळ मालकाला शोधत असेल. अशा वेळी त्याच्याशी सौजन्याने बोलून, ठरावीक रक्कम देऊन फोन परत मागता येणार नाही का? निदान तो आहे कुठे एवढे तरी कळेल.

दीपमाळ

जुनीवही, असा माणूस असू शकतो हे मला मान्य आहे आणि त्याच्याबद्दल मला सहानुभूतीही आहे. पण त्याच्यासाठी योग्य मार्ग असा की ज्याच्याकडून फोन घेतला त्याच्याकडे पैसे परत मागावेत किंवा फोन पोलिसांकडे जमा करावा. मूळ मालकिणीने कुलूप काढून दिल्याने चोरीचा व्यवहार पूर्ण होतो, यापलीकडे काही होत नाही. शिवाय प्रामाणिक ग्राहक फोटो लिलावात विकण्याची धमकी देत नाही.

उत्तर देण्याचे वेगळे नुकसान आहे. उत्तर आले म्हणजे क्रमांक चालू आहे, मालक घाबरलेला आहे आणि बोलण्यास तयार आहे, एवढे तीन निष्कर्ष पलीकडचा काढतो आणि मग संदेशांची संख्या आणि उग्रता दोन्ही वाढतात. आधी आर्जव, मग व्यवहाराची भाषा, मग धमकी, कधी शस्त्रांची छायाचित्रे, असा हा क्रम अनेक देशांतल्या लोकांनी सांगितला आहे. पैसे देऊन फोन परत मागायला गेलेला माणूस आधी पैसे गमावतो आणि ठरलेल्या ठिकाणी एकटा गेला तर त्याहून अधिक काही गमावू शकतो. नकाशावर कधी ठिकाण दिसलेच तर ते पोलिसांना कळवावे, स्वतः जाऊ नये. संदेशाचा स्क्रीनशॉट क्रमांकासह आणि वेळेसह जपून ठेवावा, तो तक्रारीला जोडता येतो. मग क्रमांक अडवावा आणि गप्प राहावे. त्या गप्प राहण्याला तोड काढणे त्यांना फार अवघड जाते.

कंदील

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे त्यांना एवढी माहिती कशी, याला कोणी हात लावलेला नाही, म्हणून मी लिहितो. मी काही वर्षे फोनदुरुस्तीचे काम केले आहे.

मॉडेल आणि रंग तर हातातल्या फोनवरूनच दिसतात. बऱ्याच आयफोनमध्ये सिमकार्डाचा छोटा ट्रे बाहेर काढला की त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. उजेडाकडे तिरपा धरला की वाचता येतो. या १५ अंकी क्रमांकावरून मॉडेलपासून साठवणक्षमतेपर्यंतचे तपशील शोधता येतात. बंद फोनमधूनही ही माहिती मिळते, त्यासाठी पासकोड लागत नाही. म्हणून संदेशातले तपशील अचूक असणे हा तो खरा असल्याचा पुरावा मुळीच नाही. फोन ज्याच्या हातात आहे त्यालाच ते तपशील सर्वांत चांगले ठाऊक असतात.

आईचा क्रमांक तुम्ही स्वतः पडद्यावर लिहिला होता. तुमचा क्रमांक बहुधा सिमकार्डावरून गेला. सिमला वेगळा पिन नसेल तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायचे आणि तिथून आपल्याच एखाद्या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा, की मालकाचा क्रमांक समोर येतो. तुमचे सिम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू होते, तेवढा वेळ त्यासाठी भरपूर आहे. त्याच सिमवर कोड देणारे एसएमएसही येतात हे लक्षात घेतले, तर सिम बंद करण्याला पहिल्या तासातच का महत्त्व आहे ते कळेल. याशिवाय आणीबाणीसाठी भरून ठेवलेली वैद्यकीय माहिती लॉक पडद्यावरून उघडता येते आणि तिच्यात नातेवाइकांचे क्रमांक नात्यासह असतात. ती माहिती काढून टाका असे मी म्हणणार नाही, तिने जीव वाचू शकतो. फक्त तिच्यात ज्यांची नावे आहेत त्यांना फोन चोरीला गेल्याचे त्याच दिवशी सांगावे.

पाठवणाऱ्याच्या जागी ‘ॲपल’ असे नाव दिसले याचेही आश्चर्य नको. एसएमएसच्या व्यवस्थेत क्रमांकाऐवजी अक्षरी नाव घालून संदेश पाठवता येतो आणि सगळीकडे त्या नावाची पडताळणी होते असे नाही. कधीकधी तर खोटा संदेश खऱ्या संदेशांच्याच साखळीत जाऊन बसतो, कारण फोन नाव बघून त्यांना एकत्र लावतो.

पत्ता वाचण्याची एक सवय मात्र उपयोगी पडते. पत्त्यातली सुरुवातीच्या ‘https://’ नंतरची पहिली तिरपी रेघ शोधायची आणि तिच्या डावीकडचे शेवटचे दोन शब्द पाहायचे, कारण मालकी बहुतेकदा तिथे लिहिलेली असते. ‘आयक्लाउड डॉट कॉम’ ही अक्षरे पत्त्याच्या सुरुवातीला असली आणि त्यांच्यापुढे टिंब देऊन आणखी काही शब्द आले असले, तर ते पान त्या पुढच्या शब्दांच्या मालकाचे असते. घाईत कोणी एवढे पाहत नाही हेही खरे, म्हणून माझा भरवसा पासवर्ड साठवणाऱ्या ॲपवर अधिक आहे. खऱ्या पत्त्यावर ते पासवर्ड आपणहून पुढे करते आणि नकली पत्त्यावर गप्प बसते. ते गप्प बसले की आपणही हात मागे घ्यावा.

निरांजन

चर्चा आयफोनभोवती फिरते आहे, म्हणून अँड्रॉइडबद्दल थोडक्यात. तिथेही असेच कुलूप आहे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून ‘फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन’ मिळते आणि फोन बाहेरून पुसला तर तो आधीचे गूगल खाते किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो. म्हणून तिथे गूगलच्या पासवर्डसाठी जाळे टाकले जाते. गूगलच्या खात्यात ईमेलही असतो आणि ईमेल हातात आला की इतर खात्यांचे पासवर्ड बदलून घेता येतात, त्यामुळे मला तो धोका जास्त मोठा वाटतो. फोन शोधण्याच्या गूगलच्या सेवेचे नाव २०२५ मध्ये ‘फाइंड हब’ झाले आहे. नव्या नावाचा संदेश आला म्हणून कोणी गोंधळून जाऊ नये, आणि जुन्या नावाचा आला म्हणून त्यावर विश्वासही ठेवू नये. सेवेचे पान नेहमी आपल्या हाताने पत्ता लिहून उघडावे.

हे काम एकटादुकटा चोर करत नाही, हेही सांगायला हवे. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलिस संस्थेने ‘आयसर्व्हर’ नावाची एक सेवा बंद पाडल्याचे जाहीर केले. ती अर्जेंटिनाचा एक नागरिक चालवत होता. नकली पाने, संदेश पाठवण्याची सोय आणि मिळालेले पासवर्ड जमा करण्याची व्यवस्था असे सगळे तयार करून तो फोन उघडून देणाऱ्या लोकांना भाड्याने देत असे, म्हणजे ज्याला संगणकातले फारसे कळत नाही त्यालाही हा धंदा करता यावा. अर्जेंटिना, चिली, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू आणि स्पेन या सहा देशांतल्या कारवाईत १७ जणांना अटक झाली आणि फसवले गेलेल्यांची संख्या जगभरात ४,८३,००० असल्याचे सांगण्यात आले. पाऊलवाट यांनी आणि उंबरठा यांच्या आईने ही संख्या पुन्हा एकदा वाचावी. साडेचार लाखांहून अधिक माणसे, आणि त्यांतल्या प्रत्येकाची एकच धडपड होती, ती म्हणजे आपली वस्तू परत मिळवण्याची.

आयएमईआय बंद करून घेण्याबद्दलही कोणी बोललेले नाही. मोबाइल कंपनीकडून किंवा देशाच्या अधिकृत नोंदणीतून तो जरूर बंद करून घ्यावा, त्याने तिथल्या मोबाइल जाळ्यात फोन चालेनासा होतो. मात्र अशी यादी प्रत्येक देश पाळतोच असे नाही, म्हणून चोरीचे फोन सीमेपार जातात, आणि अनेकांना नकाशावर आपल्या फोनचा ठिपका काही आठवड्यांनी चीनमधल्या शेन्झेनसारख्या दूरच्या शहरात दिसतो. खात्याचे कुलूप मात्र सीमा ओलांडूनही तसेच राहते.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. पासवर्ड बदलला, ईमेलचाही बदलला, कारण दोन्ही एकच होते. उपकरणांच्या यादीत टॅब्लेट, लॅपटॉप आणि चोरीचा फोन एवढेच आहे. ‘इरेज’चा आदेश देऊन ठेवला आहे, त्यापुढे ‘प्रलंबित’ असे दिसते. दोन्ही संदेशांचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडले. आईला सगळे वाचून दाखवले; पाऊलवाट यांचा मजकूर तिने पुन्हा वाचायला लावला आणि मग ती जेवायला बसली.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या आहेत. पुढे कधी फोन हरवलाच तर पडद्यावरच्या मजकुरात क्रमांक लिहावा की नाही? आणि नव्या फोनमध्ये ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ अशी सोय दिसते आहे, ती चालू केली तर हे सगळे टळेल का?

दीपमाळ

क्रमांकाबद्दल मतभेद होऊ शकतात. फोन चोरीला न जाता नुसता हरवला असेल, तर सापडणारा बहुतेकदा भला माणूस असतो आणि त्याला तुमच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग हवाच. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०२५ मध्ये याच प्रकारच्या संदेशांबद्दल इशारा दिला, तेव्हा पडद्यावरची संपर्कमाहिती हाच भामट्यांचा मार्ग असू शकतो याकडे लक्ष वेधले होते. मला मधला मार्ग पटतो. फक्त याच कामासाठी एक नवा ईमेल पत्ता काढावा, जो तुमच्या कोणत्याही खात्याला जोडलेला नाही, आणि तोच पडद्यावर लिहावा. त्या पत्त्यावर जे काही येईल ते अनोळखी माणसाचेच आहे हे उघडण्याआधीच माहीत असते, त्यामुळे ‘ॲपल’च्या नावाने तिथे पत्र आले तर ते खोटे आहे हे ठरवायला वेळ लागत नाही.

‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ ही सोय जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ बरोबर आली, ती जरूर चालू करा. तिच्यामुळे पासकोड माहीत असलेल्या चोरालाही अनोळखी ठिकाणी साठवलेले पासवर्ड पाहता येत नाहीत, त्यासाठी चेहरा किंवा बोटाचा ठसा लागतो; आणि खात्याचा पासवर्ड बदलायचा असेल तर ठशानंतर एक तास थांबून पुन्हा ठसा द्यावा लागतो. पाऊलवाट यांच्या भावाच्या फोनवर ती असती तर ती रात्र इतकी वाईट गेली नसती. पण तिचा अंमल फोनवर चालतो. खात्याचा पासवर्ड आपणच नकली पानावर लिहून दिला तर ती आपल्याला वाचवेल असे धरून चालू नका. अँड्रॉइडवरही २०२४ पासून, फोन हातातून हिसकावला गेल्याची हालचाल ओळखून पडदा बंद करणारी सोय येऊ लागली आहे, ती सेटिंग्जमध्ये शोधून चालू करावी लागते.

आणखी एक. चोरीच्या फोनबद्दलचे संदेश काही महिन्यांनीही येतात, कारण फोन हातोहात फिरतो आणि प्रत्येक नवा माणूस नव्याने प्रयत्न करून पाहतो. आईच्या क्रमांकावर पुढचा संदेश येईल तेव्हा तुम्ही घरी असालच असे नाही. म्हणून आजच तिच्याशी ठरवून ठेवा की फोनबद्दल काहीही आले तरी तिने ते उघडायचे नाही, पुसायचे नाही, फक्त तुम्हाला फोन करायचा. आणि ‘प्रलंबित’ दिसते आहे तोवरच नव्हे, त्यानंतरही तो फोन यादीत तसाच राहू द्या.